पायाखालची माती गेली का? सेन्सर गाडीवर की खांबावर

झुआरी-मांडवीत भरती-ओहोटीने प्रवाह उलटतो, त्यामुळे रेल्वे पुलाच्या खांबाच्या दोन्ही अंगांची वाळू उकरली जाते. माती गेली की पायाचा ताठपणा घटतो आणि गाडीखाली खांब किंचित जास्त दबतो. गाडीवरचा, हादरे मोजणारा सेन्सर हेच पकडतो.

तो बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकगाड्याच्या, सांगाड्यावर बसवावा. अॅक्सल बॉक्सवर (चाकाच्या आसाच्या टोकाची पेटी) रुळांच्या सांध्यांचे दणकेच जास्त येतात. ताशी 72 किमी वेगाला सेकंदाला 500 नोंदी घेतल्या तर दर 4 सेंमीला एक मिळते. एका फेरीवर विसंबू नका, अनेक फेऱ्यांची सरासरी काढा. खरी गोम कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात आहे: वेग उतरतो, आणि मे महिन्याची नोंद जुलैशी ताडली तर धडधाकट खांबही आजारी दिसतो. वेगवार गट पाडूनच तुलना करावी. नोंद कुठल्या जागेची हे कळायला चाकाच्या फेऱ्या मोजा, बोगद्यात जीपीएस हरवतो.

खांबावरचा सोनार (पाण्यात ध्वनी सोडून अंतर मोजणारे यंत्र) उकरलेल्या खड्ड्याची खोली थेट सांगतो, गाड्या थांबल्या तरी. पण खाऱ्या पाण्यात त्याच्या तोंडावर शिंपले चढतात, वाहून आलेला ओंडका केबल तोडतो. शिवाय पूर ओसरताना खड्डा सैल गाळाने भरतो. सोनारला तळ जागेवर दिसतो, आधार मात्र परतलेला नसतो.

पूल बरेच असतील तर गाडीवरचा परवडतो. संशयित खांबाला मात्र सोनारच हवा, सोबत माथ्यावर टिल्टमीटर, म्हणजे कल मोजणारे यंत्र. पाया खडकात खोल रुतलेला असेल तर गाडीला फरक जाणवेपर्यंत उशीर होतो.