शुक्रवारचा बाजार आणि साडेचौदाशेचा डबा

तो डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. लेबल अर्धं सोललंय, त्यावरच्या हसऱ्या बाईचं तोंड गेलंय, नुसते दात उरलेत. आत सध्या सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबी, भरलेली आहेत. झाकण इतकं घट्ट बसतं की वास जराही बाहेर येत नाही, तेव्हा डब्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आत जे होतं त्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझं हिमोग्लोबिन ९.८ आलं. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. वय ५२, वजन ६२ किलो, ऑफिसचा जिना चढले की धाप. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या मी मुकाट्याने घेतल्या. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या गटारात फेकल्या तर ते पाप माझ्या माथी नको.

पण गोळ्या घ्यायला ज्या दुकानात गेले, तिथल्या पोराने न विचारता प्रथिनांच्या पावडरचा एक डबा समोर ठेवला. "मॅडम, या वयात लेडीजना हे लागतंच." ४०० ग्रॅम, १,४५० रुपये, चॉकलेटची चव. घाबरलेलं माणूस पैसे मोजत नाही. घेतला.

मी गोव्यात, म्हापशात एका हिशेबनिसाच्या ऑफिसात बावीस वर्षं आहे. लोकांचे ताळेबंद जुळवते, पण स्वतःच्या डब्याचं लेबल वाचायला मला आठ दिवस लागले. एका वेळी ३० ग्रॅम घ्यायचं, म्हणजे डबा तेरा दिवसांत खलास. त्या ३० ग्रॅममध्ये प्रथिनं सहा ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढी. अंडं तेव्हा सात रुपयांना होतं, पावडरची एक खेप जवळजवळ ११० ला. आणि घटकांच्या यादीत दुसऱ्या नंबरावर साखर. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते, ज्याचं वजन जास्त ते आधी. दुसरा नंबर म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको.

डबा संपवला मात्र मी. पैसे दिले होते ना.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी साडेसातला मी बाजारात असते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार लहानपणापासून बघत आले, पण चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळंफुलं), मे महिन्यातलं पुरुमेंत (पावसाळ्यासाठीची साठवण) आणि कधीतरी मडकं, यापलीकडे माझं त्याच्याशी नातं नव्हतं. भाजी दारात टेम्पोवाल्याकडून, तीसुद्धा बहुतेक बेळगावहून आलेली. आता वर्षभर फिरल्यावर हे लिहायला बसले आहे.

सगळ्यात आधी तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. पक्क्या ओट्यांवर बसणाऱ्यांपेक्षा वाटेच्या कडेला पोतं अंथरून बसणाऱ्या बायकांकडे बघा. माझी एक ठरलेली आहे. तिच्या पेंड्यांच्या मुळांना ओली माती असते आणि पानांना दोनचार भोकं असतात. "किड्यान खाल्ली म्हणजे विख ना, व्हर गो बाय," विष मारलेलं नाही याचं हे तिचं प्रमाणपत्र. घरी आल्यावर तीन पाण्यांतून काढायची, कांदा, हिरवी मिरची, वर मूठभर ओलं खोबरं. दहा मिनिटं. खोबरं चवीसाठी घालतो असं मी समजत होते. पण पानांतून शरीर जे अ जीवनसत्त्व करून घेतं, ते पचनी पडायला थोडी चरबी लागतेच. आमच्या आज्यांनी हे कुठे वाचलं नव्हतं, पण खोबऱ्याशिवाय भाजी करणारीला त्या आळशी म्हणायच्या.

या भाजीपायीच मला माझी खरी चूक कळली. एका तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, जेवल्यावर काय घेता? म्हटलं चहा. वर्षानुवर्षं, ऑफिसात दुपारचा डबा झाकला की लगेच कडक चहा. पालेभाजीतलं, कडधान्यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं आणि चहा त्यात आणखी खोडा घालतो. उलट आंबट, क जीवनसत्त्वाचं काही सोबत असलं तर तेच लोह जास्त लागू पडतं. म्हणजे मी नेमकं उलटं करत होते. आता भाजीवर लिंबू आणि चहा साडेतीनला. एवढ्या एका बदलाला एक पैसा लागला नाही. ऑफिसातला चहावाला तेवढा माझ्यावर रुसला.

नाचणे मला ८० रुपये किलोने मिळाले. कॅल्शियमची जाहिरात करणारे डबे दुधाशी तुलना करून दाखवतात, मग मीही करते: १०० ग्रॅम नाचण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. दिवसाची गरज १,००० धरली तर १०० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत तिसऱ्या हिश्श्याच्या वर काम होतं. आता खरं सांगायचं तर नाचण्यातलं सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, धान्यातली फायटेटं त्यातलं काही धरून ठेवतात. म्हणून मोड आणायचे. रात्रभर भिजवून फडक्यात बांधले की दीड दिवसात पांढरे कोंब दिसतात, मग सावलीत सुकवून दळून आणायचे. त्याचं तिजन, म्हणजे खीर, गूळ आणि नारळाचा रस घालून. माझ्या मुलीला डब्यातलं चॉकलेट आवडायचं, तिजनाला तिने "हे बाळाचं खाणं" म्हणून नाक मुरडलं. गूळ वाढवला, वेलची घातली, तरी नाही. मग थंड करून वड्या पाडल्या, त्या मात्र फ्रिजमधून आपोआप नाहीशा होतात.

प्रथिनांचा हिशेब मी चक्क खतावणीच्या कागदावर केला. आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची, म्हणजे मला रोज ५१ ग्रॅमच्या जवळपास. दोन मध्यम बांगड्यांतून तीस ग्रॅम निघतात. वाटीभर अळसांद्यांच्या तोणाकातून (चवळीसारख्या कडधान्याचा रस्सा) आठनऊ, एक अंडं सहा, बाकीचं शीत (भात), भाकरी, ताक भरून काढतात. नुस्ते, म्हणजे मासे, खाणाऱ्या घरात प्रथिनांची पावडर कशाला येते हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बांगड्याला आणि तारल्यांना तर ओमेगा-३ पण आहे. दुकानात त्याच्या कॅप्सूल मिळतात, माशाच्या तेलाच्याच, पण हुमणाची, म्हणजे माशाच्या आमटीची, सोय त्यात नाही.

अळसांद्यांत मी एकदा फसले. "गावठी, गावठी" म्हणून ओरडणाऱ्या एकाकडून चढ्या भावाने किलोभर घेतले. पिशवीत ओतताना पोत्याची कड उलटली आणि आतला छाप दिसला, परराज्यातल्या कुठल्याशा मिलचा. गोव्याचे अळसांदे साध्या चवळीपेक्षा टपोरे असतात, हे तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. पोषण चवळीतही तेच, त्यामुळे नुकसान फक्त पैशांचं. पण राग आलाच. बाजारात 'गावठी' या शब्दाची अवस्था डब्यावरच्या 'नॅचरल'सारखी झालीय, कुणी काहीही म्हणतं.

श्रावणात आमच्याकडे पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतं आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद म्हणून त्याआधीच मासळी महाग झालेली असते. हाच काळ मला अवघड जाईल असं वाटलं होतं. तर आईने मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगांची भाजी, आठवून दिली. आई सिंधुदुर्गातल्या बांद्याची, आता ७८ ची. मोड आलेले मूग ती परातीत पाणी घालून हलक्या हाताने चोळते, सालं वर तरंगतात, ती ओंजळीने काढून टाकते, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. पाऊण तास. मी म्हटलं, अगं सालात चोथा असतो, चांगला असतो पोटाला, राहू दे की. आईने वर बघितलंसुद्धा नाही. "मग ती गाठी नव्हे, उसळ झाली." मोड आणल्याने मुगात क जीवनसत्त्व तयार होतं, पचायलाही हलके होतात. सालांच्या बाबतीत मी हरले. हल्ली आई आली की गाठी, एरवी सालासकट उसळ.

आईच्या माहेरची आणखी एक गोष्ट. गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची. आम्ही इथे मशिंग म्हणतो. त्याच पाल्याची पावडर 'मोरिंगा' नावाने हिरव्या डबीत, १०० ग्रॅमला साडेतीनशे रुपयांना मी पाहिली. आमच्या शेजारच्यांच्या कुंपणात ते झाड आहे आणि त्याच्या सुरवंटांमुळे ते दर पावसाळ्यात तोडायला निघतात. बाजारात याची जुडी क्वचितच दिसते, कारण विकत कोण घेणार?

सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, तर विचारूच नका. वजन घटवण्याच्या कॅप्सूलवर 'गार्सिनिया' लिहिलेलं असतं. आपलं भिंडाचं, म्हणजे कोकमाचं, झाड त्याच कुळातलं, आणि ज्या आम्लाच्या जिवावर त्या कॅप्सूल विकतात ते सोलांतही असतं. म्हणून सोलकढी पिऊन कुणी बारीक झालेलं मी पाहिलेलं नाही, आमचं अख्खं घर याला साक्षी आहे. उलट ते आम्ल कॅप्सूलमधून भरमसाट घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. हुमणात चार सोलां टाकावीत, जेवणानंतर पेलाभर कढी प्यावी. त्यापेक्षा जास्त अपेक्षा बिचाऱ्या सोलांकडून ठेवू नये.

उकडे तांदूळ मी पूर्वी फक्त पेजेला आणायचे, आता रोजच्या जेवणातही तेच. भात सालासकट उकडतात तेव्हा कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, त्यामुळे कांडल्यावर ती सगळी जात नाहीत. नवऱ्याला पहिला महिनाभर "तुरुंगातलं जेवण" वाटत होतं. आता शहरात लग्नाला गेला की पांढऱ्या भाताला नावं ठेवतो.

उणं काय ते पण सांगते. सुक्या मासळीत मीठ फार. नवऱ्याला रक्तदाब आहे, म्हणून किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) त्याच्या वाट्याला चमचाभर, आणि सुके बांगडे मी आधी पाण्यात भिजत घालते. नऊनंतर गेलात तर गर्दीत पिशवी आणि पाय दोन्ही सांभाळावे लागतात, पावसात तर नकोच. आणि शुक्रवारी माझ्या टेबलाखाली सुंगटांची पुडी असते तेव्हा साहेब पंख्याचा वेग वाढवतात. त्या जुन्या डब्याचा उपयोग मला तेव्हाच सुचला.

आणखी एक. बाजारात सगळं मिळत नाही. माझी एक मैत्रीण पूर्ण शाकाहारी, दूधही घेत नाही. तिचं बी-१२ तळाला गेलेलं. तांबडी भाजी टोपलीभर खाल्ली तरी त्यात बी-१२ नाही, ते मांस, मासे, अंडी, दुधातून येतं. तिला गोळी लागतेच आणि ती घेते. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिड देतात तेही कारणानेच. रक्त तपासून डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि दुकानातल्या पोराने पुढे सरकवलेला डबा यांत मी फरक करते. गोळ्या जास्त घेतल्या तर काय होतं, तेही सोपं आहे: ब गटातलं जास्तीचं बहुतेक लघवीवाटे निघून जातं. माझ्या भाच्याने मल्टिव्हिटॅमिन सुरू केल्यावर पिवळीधमक लघवी बघून त्याला कावीळ झाली असं वाटलं होतं. अ आणि ड मात्र अंगात साचत जातात, तिथे गंमत नाही.

माझं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी १२.१ झालं. ते श्रेय गोळ्यांचं. त्यानंतर गोळ्या बंद होऊन नऊ महिने झाले आणि गेल्या आठवड्यात १२.३ आलं, हे श्रेय मी बाजाराला देते. आठवड्याला हजार-बाराशे रुपये जातात, त्यात तिघांचं आठवडाभराचं नुस्ते, भाजी, कडधान्य सगळं आलं.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या अळसांद्यांपायी कापला.

जाणार असाल तर कदंब बसस्टँडवर उतरून चालतच जा, गाडी नेऊ नका. कापडी पिशव्या दोन, एक ओल्यासाठी. सुट्टे पैसे. पहिल्या पावसानंतर तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, कोवळी पानं येतात, ती दोनतीन शुक्रवारच मिळतात, मग जून होतात. माझी ती बाई यंदा माझ्यासाठी दोन वाटे बाजूला ठेवणार आहे. तुम्ही दुसरीकडून घ्या.