जुन्या जपानी फुलदाणीची पारख : रत्नागिरीतील एक दुकान

आजोळच्या माळ्यावर सापडलेली सोनेरी नक्षीची फुलदाणी मी रत्नागिरीतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात नेली, तेव्हा दुकानदारांनी नक्षीकडे पाहण्याआधी ती उलटी करून बुडावरचा शिक्का भिंगाखाली धरला. अमेरिकेच्या १८९१ पासूनच्या आयात-नियमांमुळे तिकडे जाणाऱ्या मालावर तो बनवणाऱ्या देशाचे नाव लागू लागले आणि १९२१ पासून ‘निप्पॉन’ या देशाच्या जपानी नावाऐवजी ‘जपान’ लिहावे लागले. माझ्या फुलदाणीवर ‘जपान’ असल्याने ती बहुधा त्यानंतरची ठरली. सायीसारख्या झिलईवरचे बारीक तडे हे सात्सुमा या जपानी कुंभारकामाच्या शैलीचे लक्षण असले, तरी त्यांवरून वय ठरत नाही, हेही त्यांनी समजावले. काठाची लपवलेली डागडुजी मात्र त्यांनी टिचकीच्या बद्द आवाजावरून ओळखली (आमच्या घरात ती कोणालाच ठाऊक नव्हती!). किंमत तोंडीच सांगितली, लेखी दिली नाही, ही उणीव खटकली.