गोकाकच्या धबधब्यामागे उभा नवरदेव: बेळगावातल्या एका स्टुडिओची थ्रीडी कार्डं

बेळगावच्या बाजारपेठेतला एक स्टुडिओ लग्नाच्या अल्बमसोबत थ्रीडी कार्डं करून देतो. चार बाय सहा इंचाच्या कागदावर शेजारी शेजारी दोन फोटो, एकेका डोळ्यासाठी एकेक, वर भिंगं बसवलेला पुठ्ठ्याचा व्ह्यूअर. स्टुडिओचं नाव मुद्दाम घेत नाही. चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि तिथली पोरं कामाला पक्की आहेत.

आधी सगळ्यात जास्त खपणारं कार्ड घेऊ. मागे पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा, पुढे लोखंडी कठडा, कठड्याच्या अलीकडे फेटा बांधलेला नवरदेव, वेगळ्या फोटोतून कापून बसवलेला. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर कटिंग झकास आहे, फेट्याच्या तुऱ्यालाही पांढरी कड राहिलेली नाही. व्ह्यूअरमध्ये घातलं की मात्र डोळे चुरचुरतात. का, ते स्टीलची पट्टी लावली की कळतं. डाव्या फोटोतला एखादा बिंदू आणि उजव्या फोटोतला तोच बिंदू यांच्यातलं अंतर मोजायचं. अंतर जास्त तितकी वस्तू लांब. या कार्डावर धबधब्याचं अंतर ६३ मिमी भरतं, कठड्याचं ६१.५ आणि नवरदेवाचं ६३.५! म्हणजे नवरदेव कठडा झाकतोय, पण उभा आहे धबधब्याच्याही पलीकडे. डोळ्यांना दोन उलट निरोप मिळतात आणि कपाळ दुखायला लागतं.

उपाय सोपा आहे. उजव्या फोटोतला नवरदेवाचा लेयर, म्हणजे फाइलमधला त्याचा वेगळा थर, डावीकडे २.३ मिमी सरकवायचा, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २७ पिक्सेल. आकडा ६१.२ वर येतो आणि माणूस कठड्याच्या अलीकडे येऊन उभा राहतो. जवळच्या आणि लांबच्या आकड्यांत फोटोच्या रुंदीच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त फरक नको. इथे फोटो ६० मिमी रुंद, म्हणून मर्यादा २ मिमी. दुरुस्तीनंतर फरक १.८ राहतो. खरी परीक्षा पायांशी होते. बुटाचा आकडा आणि बुटाखालच्या जमिनीचा आकडा एकच हवा, नाहीतर माणूस तरंगतो. सावलीचा लेयर वेगळा ठेवावा, कारण सावली जमिनीवर मागे पसरते आणि तिचं टोक पायापेक्षा लांब असतं. शिवाय ढगाळ उजेडातल्या धबधब्यापुढे फ्लॅशची कडक सावली शोभत नाही. तिथे बुटाखाली मऊ, गडद पट्टी पुरते.

एवढं करूनही नवरदेव पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसेल, कारण त्याचा एकच फोटो दोन्हीकडे चिकटवलाय. त्याचेही दोन फोटो हवेत. दोन मीटरवरून एक, मग कॅमेरा ६.५ सेंमी आडवा सरकवून दुसरा. कॅमेरा सरकवायचा, वळवायचा नाही. वळवला की कडेच्या उभ्या रेघा एकमेकींशी जुळत नाहीत. धबधबा ज्या भिंगाने टिपला त्याच भिंगाने माणूसही टिपावा. स्टुडिओतल्या पोर्ट्रेट लेन्सचा चेहरा फोनच्या वाइड फोटोत बसत नाही.

पाणी ही वेगळी डोकेदुखी. एकाच कॅमेऱ्याने एकामागोमाग दोन फोटो काढले की धबधब्याचं, म्हणजे घटप्रभा नदीचं, पाणी दोन्हींत वेगळं येतं आणि व्ह्यूअरमध्ये नुसतं चमचमतं. दोन सारखे फोन एका पट्टीवर बसवून एकदमच क्लिक करावं, नाहीतर ट्रायपॉड आणि उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून एक सेकंदाचं एक्स्पोजर द्यावं. पाणी दुधासारखं होतं आणि फरक बुजतो. एकाच भिंगावर तुषाराचा थेंब बसला तर तो हवेत लटकलेला डाग दिसतो, तेव्हा फडकं खिशात हवंच.

याउलट बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं कार्ड बघत राहावं असं आहे. छताचं दगडी कमळ अंगावर उतरतं, पाकळीमागची पाकळी सुटी दिसते. यात कंपोझिट, म्हणजे वेगवेगळ्या फोटोंतून जोडलेलं, काही नाही, हे लक्षात घ्या. कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर फोन फरशीवर उताणा ठेवून फ्रंट कॅमेऱ्याने टिपावं आणि वहीच्या कडेला लावून सरकवावं, म्हणजे तिरका होत नाही. छत तीन मीटरवर असेल तर दहा सेंमी सरकवणं पुरे. जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग, हाच हिशेब.

शिवजयंतीच्या चित्ररथाच्या कार्डात भगवा झेंडा चौकटीच्या पुढे येतो आणि डावी कड त्यालाच कापते. पुढे आलेली वस्तू मागच्या चौकटीने कापली जाते, हे डोळा मान्य करत नाही. दोन्ही फोटोंच्या चौकटींच्या डाव्या कडांमधलं अंतर ६१, झेंड्याचं ६०.४. डाव्या फोटोची डावी आणि उजव्या फोटोची उजवी कड एकेक मिलिमीटर कापली की चौकट ६० वर येते आणि झेंडा चौकटीच्या मागे जातो. स्टीरिओफोटो मेकर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे काम बाणाच्या बटणांनी होतं, वरखाली झालेले फोटोही तिथेच आपोआप जुळतात.

लाल-निळ्या चष्म्याचे प्रिंट मात्र घेऊ नका. लाल शालू एका डोळ्याला उजळ, दुसऱ्याला काळा दिसतो आणि नवरी लुकलुकते. हवेच असतील तर ग्रे ॲनाग्लिफ, म्हणजे फोटोचे रंग काढून केलेले तसे प्रिंट, मागा.

कागद मॅट आहे ते बरं, ग्लॉसीवर भिंगाखाली चकाकी येते. व्ह्यूअरचा पुठ्ठा मात्र कुंदा या मिठाईच्या खोक्याइतकाच पातळ आहे, महिन्याभरात भिंगं सैल पडतील.

कंपोझिट कार्डाला साध्याच्या अडीचपट पैसे घेतात, तेव्हा छापण्याआधी फाइल मागून मोजून घ्या. काउंटरवर ‘डेप्थ येत नाही हो’ एवढंच म्हटलं तर पोरगा कॉन्ट्रास्ट वाढवून तेच कार्ड परत देतो. ‘नवरदेव ६३.५ वर आहे, ६१.२ वर आण’ असं कागदावर लिहून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.