सातबाऱ्याचं इंग्रजी: एआय की भाषांतरकार?

भाच्याचा फोन आला. "मामा, बँकेला सातबारा आणि जुना फेरफार इंग्रजीत हवाय. एआयकडून करून घेऊ की पैसे मोजू?" मी दोन्ही करून पाहिलं.

वेळ-खर्चात तुलनाच नाही. एआयने फोटोवरून अर्ध्या मिनिटात फुकटात काम उरकलं. भाषांतरकार बाईंनी पानामागे पैसे घेतले, वर चार दिवस लावले.

अचूकपणाचं मात्र बघा. 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. एआयने तिची चक्क पोटदुखी केली! पोटभर हसलो. मग फेरफारातल्या 'चार आणे हिस्सा'ची चार नाणी झालेली दिसली आणि हसू पळालं. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून चार आणे म्हणजे पाव वाटा. इंग्रजी इतकं सफाईदार की मराठी न येणाऱ्याला शंकाही आली नसती. बाईंनी उलट मलाच विचारलं, "हे क्षेत्र आरमध्ये की गुंठ्यात?"

जबाबदारी? बाईंचा सही-शिक्का असतो. चुकलं तर कुणाला धरायचं ते ठाऊक असतं.

बाई म्हणाल्या, साधी पत्रं आता येतच नाहीत. एआयचे मसुदे तपासायला येतात, तेही निम्म्या दरात. कष्ट मात्र तेवढेच.

तर नुसता मजकूर समजून घ्यायचा असेल, तर एआय पुरे. बँक, कोर्ट, व्हिसा असेल तर बाईंकडेच जा, आणि पूर्ण दर द्या.