चौघांत एकच 77 चा पोलरायझर: येळ्ळूर ते कणकुंबी

दसरा ते दिवाळी या दिवसांत बेळगावचे कॅमेरेवाले रविवारी पहाटे येळ्ळूरच्या शिवारात उतरतात आणि तिथून राजहंसगड, दुपारून जांबोटी-कणकुंबी असा बेत करतात. गाडीत चौघे असले की बॅगांत पाच-सातशे रुपयांचे चार पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचे, चकाकी कमी करणारे फिल्टर) निघतात, नि चारही सारखेच सुमार. त्यापेक्षा चौघांनी वर्गणी काढून 77 मिमीचा एकच चांगला, मल्टिकोटेड सर्क्युलर पोलरायझर घ्यावा. तीन-चार हजारांच्या घरात बरा मिळतो.

लेन्सच्या तोंडाचा आकार टोपणाच्या आतल्या बाजूला मिमीत लिहिलेला असतो. कॅननच्या 18-55 एसटीएमला 58, निकॉनच्या 18-140 ला 67, कॅननच्या 24-105 एफ/4 एलला थेट 77. लहान लेन्सवाल्यांनी दोन-तीनशे रुपयांची स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी, घ्यायची. रिंगवरचा पहिला आकडा लेन्सचा, दुसरा फिल्टरचा: 58-77 हवी. दुकानदाराने 77-58 हातात ठेवली तर ती उलटी, स्टेप-डाउन आहे. फिल्टर लेन्सपेक्षा मोठा असल्याने कोपरे काळे पडत नाहीत, हा वरचा फायदा. एक तोटा मात्र आहे: लेन्सचा मूळ हूड (ऊन अडवणारी पुढची नळी) बसत नाही. काचेवर थेट ऊन आलं की टोपणाने किंवा हाताने आडोसा धरावा लागतो.

पैसे देण्याआधी दुकानातच दोन गोष्टी बघा. फिल्टर पांढऱ्या कागदावर धरा. कागद हिरवट-पिवळट दिसला तर परत द्या, कारण ती झाक भाताच्या पिवळ्यात अशी मिसळते की नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. मग लेन्सला लागणारी बाजू डोळ्याकडे ठेवून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत फिरवा. पडदा एका ठिकाणी जवळपास काळा व्हायला हवा. नुसता मळकट होत असेल तर आतली फिल्म सुमार आहे.

आता शिवारात. परिणाम सर्वांत जास्त दिसतो तो सूर्याशी काटकोनात. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे राजहंसगडावरून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे बघताना आकाश गडद निळं होतं. थेट उगवत्या सूर्याकडे रोखलात तर फिल्टर फुकट. काढून ठेवा, नाहीतर काचेतल्या काचेत परावर्तन होऊन चित्रावर ठिपके उमटतात. 24 मिमीच्या आतल्या वाइड लेन्सला आकाशात मध्येच निळा पट्टा येतो आणि दोन्ही बाजू फिकट राहतात. तो नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं. तिथे आकाश कमी घ्या, भात जास्त. अनेक फोटो जोडून केलेल्या पॅनोरमालाही हाच रोग, म्हणून फिल्टर नको.

खरा उपयोग आकाशापेक्षा पानांवर होतो. भाताच्या पात्यावरची चकाकी गेली की हिरव्या-पिवळ्याचा मूळ रंग वर येतो. पण पूर्ण फिरवू नका. पहाटेच्या दवाची चमकही त्याबरोबर पुसली जाते आणि शेत प्लास्टिकचं दिसायला लागतं. निम्म्यावर थांबावं, असं आमचं ठाम मत. खानापूरकडे मलप्रभेच्या पात्रात मात्र पूर्ण फिरवा: पाण्याकडे साधारण 35-40 अंशांनी खाली बघितलं की तळातले दगड स्वच्छ दिसतात. गोकाकचा धबधबा बेतात असेल आणि तुषारांत इंद्रधनुष्य पडलं असेल, तर चुकीच्या बाजूला फिरवलेला फिल्टर ते गायब करतो.

फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). 1/250 ची शटर स्पीड 1/60 वर येते, आणि वाऱ्यावर डुलणाऱ्या लोंब्या त्यात हमखास हलतात. ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर होतो, लोंबी नाही. आयएसओ 400 पर्यंत वाढवून 1/250 राखा. नोव्हेंबरात पाचट पेटू लागलं की हवेत धूर साठतो. त्या धुरापुढे पोलरायझरची फारशी मात्रा चालत नाही, त्यामुळे पावसानंतरची धुतलेली हवा असेपर्यंतच जा.

फिरवण्याची दिशाही सांभाळा. कॅमेऱ्यामागे उभं राहून नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, म्हणजे आटा घट्ट होतो. उलटं फिरवत राहिलात तर फिल्टर हळूहळू सुटतो आणि थेट बांधावर पडतो. कॅमेरा आडव्याचा उभा केला की फिल्टर पुन्हा फिरवून जुळवावा लागतो, हे घाईत हटकून विसरलं जातं. कॅननच्या जुन्या 18-55 आयएस टू लेन्सचं तोंड फोकस करताना फिरतं, म्हणून आधी फोकस, मग फिल्टर.

एकाच्या लेन्सवरून दुसऱ्याच्या लेन्सवर जाताना रिंग अडकणं ही या व्यवस्थेची खरी डोकेदुखी. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा जास्त अडकतात, पितळेच्या कमी, पण त्या महाग. चिमटीत जोरात धरलं की कडी वाकून आणखी घट्ट बसते. भोवती रुंद रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. तेही जमलं नाही तर स्वच्छ चपलेचा सपाट रबरी तळ कडीवर, काचेला न टेकवता, समान दाबून फिरवला की सुटते. दुपारी जांबोटीत चहाला उतरताना मात्र फिल्टर डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हाने आतली फिल्म खराब होते.