प्रोटीन डेटा बँक : जीवशास्त्राच्या वर्गात वापरलेली एक मोफत सेवा

नाशिकमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवताना प्रथिनांचा विषय डाळी, अंडी आणि पनीर यांच्यापुढे सरकत नाही, ही माझी जुनी खंत होती. शास्त्रज्ञ एकेका प्रथिनामागे आयुष्य का वेचतात, हे विद्यार्थ्यांना दाखवणारे साधन मला प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय संरचनांच्या ऑनलाइन संग्रहात मिळाले. १९७१ मध्ये अवघ्या ७ नोंदींनी सुरू झालेल्या या संग्रहात आज प्रयोगांतून निश्चित झालेल्या दोन लाखांहून अधिक संरचना आहेत. त्या पाहण्यासाठी शुल्क नाही आणि खातेही उघडावे लागत नाही.

‘२एचएचबी’ हा संकेतांक टाकला की मानवी हिमोग्लोबिन पडद्यावर येते. त्याच्या चार साखळ्या, प्रत्येकीतील चपटा हीम आणि हीमच्या मध्यभागी असलेला लोहाचा अणू हे सारे माउसने फिरवून पाहता येते, आणि प्राणवायू नेमका कोठे बसतो हे मुले स्वतः शोधून काढतात. त्यानंतर मी ‘२एचबीएस’, म्हणजे सिकलसेलचे हिमोग्लोबिन, उघडते. बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते, फरक एवढाच. पण पाणी टाळणारे ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकते, रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. माझ्या वर्गात सुरगाणा, पेठ, कळवणकडचीही मुले असतात. राज्याच्या आदिवासी भागांत आढळणारा हा आजार त्यांच्या ऐकण्यातला असल्याने त्या खाचेपाशी प्रश्नांची सरबत्ती होते. आकार बदलला की प्रथिनाचे काम का बिघडते आणि औषध शोधणाऱ्याला तो आकार आधी का ठाऊक हवा, हे तेथे वेगळे समजावावे लागत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सारा मजकूर इंग्रजीत आणि मुख्यतः संशोधकांसाठी लिहिलेला आहे. क्ष-किरणांनी मिळालेल्या बहुतेक संरचनांत हायड्रोजनचे अणू दिसत नाहीत, आणि रंग केवळ ओळखीपुरते दिलेले असतात. या दोन्ही गोष्टी शिक्षकाने आधीच स्पष्ट कराव्यात. ज्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, त्या अल्फाफोल्डची, म्हणजे प्रथिनांचे आकार वर्तवणाऱ्या संगणक प्रणालीची भाकितेही येथे शोधता येतात. मात्र भाकीत आणि प्रयोगाने सिद्ध झालेली संरचना यांतील भेद मुलांच्या मनावर ठसवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

नव्याने वापरणाऱ्या शिक्षकांनी थेट शोध घेण्याऐवजी ‘महिन्याचा रेणू’ या सदरापासून सुरुवात करावी. त्यातील चित्रे आणि सोपी टिपणे तासिकेच्या तयारीला पुरेशी आहेत.