लिस्प की प्रोलॉग? सिम्बॉलिक प्रोग्रॅमिंगचा कोर्स निवडताना

इलेक्टिव्हच्या यादीत सिम्बॉलिक प्रोग्रॅमिंग (नुसत्या आकड्यांऐवजी चिन्हं आणि राशी हाताळणारे प्रोग्रॅम लिहिणं) दिसलं, तर शिकवायची भाषा बहुधा दोनपैकी एक असते: लिस्प (हल्ली स्कीम किंवा रॅकेट या रूपात) नाहीतर प्रोलॉग. काही ठिकाणी एकाच सत्रात दोन्ही उरकतात. तो कोर्स शक्यतो घेऊ नका. दोन्हींत सुरुवातीचे काही आठवडे फक्त विचाराची सवय बदलण्यात जातात आणि खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. बहुतेकांना मी लिस्प घ्यायला सांगेन. प्रोलॉग कुणी घ्यावं, तेही पुढे सांगतो.

लिस्पची सुरुवात 1958 साली एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी केली. बीजगणितातल्या राशीचं डेरिव्हेटिव्ह संगणकाकडून काढून घेणं, हे त्यांच्यासमोरचं एक सुरुवातीचं उदाहरण होतं. कोर्समध्येही तुम्ही बहुधा हीच असाइनमेंट कराल, आणि तिच्यात खूप काही दडलेलं आहे. डेरिव्हेटिव्हचा गुणाकाराचा नियम लिहून प्रोग्रॅमला (* क्ष क्ष), म्हणजे क्ष गुणिले क्ष, दिलं (लिस्पमध्ये चिन्ह आधी येतं) की उत्तर येतं (+ (* क्ष 1) (* 1 क्ष)). उत्तर बरोबर आहे, पण परीक्षेत असं कुणी लिहीत नाही. मग तुम्ही ‘एकने गुणलं तर तेच’ हा नियम घालता आणि (+ क्ष क्ष) मिळतं. त्याचं (* 2 क्ष) करायला आणखी एक नियम लागतो. पुढे प्रश्न पडतो की राशीचं सोपं रूप कोणतं, कंस सोडवलेलं की अवयव पाडलेलं? हे संगणक ठरवत नाही, तुम्हाला ठरवावं लागतं. सिम्बॉलिक प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, हे मला वाटतं इथेच खऱ्या अर्थाने कळतं. पायथनची तयार लायब्ररी वापरून तेच उत्तर एका ओळीत मिळेल, पण ही अडचण कधी दिसणारच नाही.

लिस्पच्या बाजूने दुसरा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. लिस्पमध्ये प्रोग्रॅमसुद्धा वरच्या राशींसारखी कंसातली यादीच असतो, त्यामुळे लिस्पचा इंटरप्रिटर (प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लिस्पमध्येच थोडक्यात लिहिता येतो. लिस्पची राशी घेऊन तिची किंमत काढणारं ‘इव्हॅल’ हे मॅकार्थींनी कागदावर मांडलेलं फंक्शन त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम 704 या संगणकावर प्रत्यक्ष चालवलं, आणि भाषा चालू झाली. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा कोर्स आता मुख्यतः पायथनमध्ये असतो, तरी स्कीमचा इंटरप्रिटर लिहिण्याचा प्रोजेक्ट त्यांनी ठेवला. हा प्रोजेक्ट एकदा केला की पुढे कंपायलरचा विषय परका वाटत नाही.

प्रोलॉगचा पिंडच वेगळा. 1972 च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये आलँ कोलमेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी ती बनवली. कोलमेरोअर यांना फ्रेंच वाक्यं संगणकाला समजावून द्यायची होती. त्यामागच्या तर्काची बाजू रॉबर्ट कोवाल्स्की यांनी मांडली. इथे पायऱ्या लिहायच्या नसतात, काय खरं आहे ते लिहायचं असतं. ‘म हा भ चा मामा, जर अ ही भ ची आई असेल आणि म हा अ चा भाऊ असेल.’ या एकाच नियमाला रोहनचा मामा कोण असं विचारता येतं आणि विलासचे भाचे कोण असंही. पहिल्यांदा हे चालताना पाहिलं की खरंच हरखून जायला होतं.

पण पुढच्याच प्रॅक्टिकलला अडायला होतं. भाऊ म्हणजे तेच आईवडील असलेला पुरुष, असा नियम लिहिला तर विलास स्वतःचाच भाऊ ठरतो. म्हणून ‘दोघे वेगळे’ ही अट हवी. ती साध्या असमानतेच्या चिन्हाने नियमाच्या सुरुवातीला लिहिली आणि भाऊ कोण असं विचारलं, तर उत्तरच येत नाही, कारण व्हेरिएबलला अजून किंमत मिळालेली नसते. तीच अट शेवटी लिहिली की चालते. पूर्वजांच्या नियमात ‘पूर्वज’ हीच अट सगळ्यात आधी लिहिली तर प्रोग्रॅम अनंत फेऱ्यांत अडकतो. म्हणजे ‘फक्त काय ते सांगा’ हे अर्धंच खरं. बॅकट्रॅकिंग (एक वाट चुकली की मागे येऊन दुसरी धरणं) कागदावर पायरीपायरीने काढून दाखवणारे शिक्षक असतील, तरच प्रोलॉग घ्या. नुसते प्रोग्रॅम पाठ करून जर्नल भरून घेणाऱ्या कॉलेजात ही भाषा वाया जाते.

नोकरीचं म्हणाल तर कॅम्पस इंटरव्ह्यूत दोन्हींबद्दल सहसा कुणी विचारत नाही. लिस्पच्या घराण्यातली क्लोजर ब्राझीलच्या नूबँकेत वापरतात. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प आहे. अर्लांग ही भाषा आधी प्रोलॉगमध्ये बनली होती. आयबीएमच्या वॉटसन या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या प्रणालीनेही वाक्यांतले पॅटर्न शोधायला प्रोलॉग वापरलं. पण एवढ्यावरून निवड करू नये. खर्चाचा प्रश्न नाही, रॅकेटसाठी डॉक्टररॅकेट आणि प्रोलॉगसाठी एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

भाषेचं व्याकरण, वेळापत्रक बसवणं, नियमांवरून निष्कर्ष काढणं यात मन रमत असेल तर प्रोलॉग घ्या. वाक्याच्या व्याकरणाचे नियम तिच्यात जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येतात. भाषा आतून कशा चालतात हे कळून घ्यायचं असेल, किंवा अजून काहीच ठरलं नसेल, तर लिस्प. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) कच्चं असेल तर दोन्हीकडे त्रास होईल, म्हणून सुट्टीत तेवढं पक्कं करा. नाव नोंदवण्याआधी सीनियरकडून गेल्या वर्षीच्या असाइनमेंट मागून घ्या. लिस्पच्या यादीत इंटरप्रिटर नसेल आणि प्रोलॉगच्या यादीत पार्सर (वाक्याची व्याकरणानुसार फोड करणारा प्रोग्रॅम) असेल, तर माझाही कौल प्रोलॉगला.